बर्फाचा कारखाना होता तिथून

नोएलिया शाळेत जायला लागली, तशी तिच्या आईनं, मिग्दालियानं, तिला दिशा शिकवायला घेतल्या. मानाग्वा शहरात घरांना नंबर नाहीत; उत्तरेला मोठं तळं आहे, ते धरून पत्ते सांगतात. पोर हरवलं तर त्याला पत्ता तोंडपाठ हवा.

"तळं कुठंय?" तव्यावर मक्याची भाकरी उलटता उलटता मिग्दालिया विचारायची.

नोएलिया हात करायची.

"वर म्हणजे?"

"सूर्य उगवतो तिकडे."

"खाली?"

"मावळतो तिकडे."

मग कप बशीच्या तळ्याकडे, मांजर खुर्चीच्या वर, असा खेळ चालायचा. शेवटी पत्ता: बर्फाचा कारखाना होता तिथून दोन गल्ल्या तळ्याकडे, एक गल्ली वर. कारखाना मोठ्या भूकंपात पडला, मिग्दालियाच्या जन्माआधी. तिथं आता नुसतं गवत. पत्ते मात्र अजून तिथूनच निघतात.

एका दुपारी मिग्दालिया पोरीला न्यायला गेली, तेव्हा शाळेच्या बाई हसत म्हणाल्या, "पत्ता बरोबर सांगते हो. शेवटी तेवढं चुकते."

नोएलियानं पुन्हा म्हणून दाखवलं, "...एक गल्ली वर. तिथं आमचं घर होतं."

"होतं काय गं, गधडे? आहे!" मिग्दालिया म्हणाली.

"ते 'होतं' म्हणतात."

"ते कोण?"

"कारखान्यातले."

घरी जाताना ते गवत लागलं. नोएलियानं ओळखीच्या माणसांना करावी तशी मान हलवली. पोरीच्या डोक्यातलं खूळ काढावं म्हणून मिग्दालिया तिचा हात धरून सरळ आत शिरली.

"दाखव बरं. कुठं आहेत?"

पोरीनं शिकवल्यासारखं नीट सांगितलं. "एक तुझ्या तळ्याकडे. दोघी तुझ्या वर. खाली पुष्कळ जण." मग आवाज बारीक करून म्हणाली, "आता सगळे तुझ्याकडे तोंड करून उभेत."

भर उन्हात मिग्दालियाचे घोटे गार पडले, बर्फाच्या पाण्यात उभं राहिल्यासारखे. तिनं पोरीला उचललं आणि पळत सुटली.

संध्याकाळी कपड्यांचं गाठोडं बांधून ती दुसऱ्या गावी, मासायाला, बहिणीकडे निघाली. "पोरीच्या बडबडीपायी घर सोडतेस?" म्हणून नवरा, विल्मर, ओरडला. आठवड्याभरानं तोही आला.

मानाग्वातल्या घराला काहीच झालं नाही. तिथं भाडेकरू आहेत, मजेत आहेत.

"आई," एकदा नोएलियानं विचारलं, "इथं तळं कुठल्या बाजूला गं?"

खिडकीतून मासायाचं तळं समोर चमकत होतं. मिग्दालियानं पडदा ओढून घेतला.

"मला नाही बाई माहीत," ती म्हणाली.