प्रभारी किल्लेदार

आमच्या पंचवटीतल्या शाळेत शहाऐंशी साली सरकारी योजनेतून दोन कंप्युटर आले आणि त्यांच्यासाठी प्रयोगशाळेची अर्धी खोली रिकामी झाली. बेडकांच्या बरण्या जिन्याखाली गेल्या. खिडक्यांना पडदे लागले, जाजम अंथरलं, चपला बाहेर काढायची पाटी लागली. मुलांच्या बाकांना धड फळ्या नव्हत्या, पण कंप्युटरला मखमलीचं झाकण शिवलं गेलं. मुख्याध्यापक खंडेराव देवरे सरांनी हळदकुंकू वाहून नारळ फोडला. आमच्या घरात पूजाबिजा नाही, म्हणून मी मागे राहून वायरी सावरत होते. नारळाचं पाणी आत गेलं असतं तर योजना तिथेच आटोपली असती.

मी सुमन पगारे, गणिताची बाई. कंप्युटर माझ्याकडे आला तो काही हुशारीमुळे नाही. प्रशिक्षण दिवाळीच्या सुट्टीत होतं आणि बाकीच्यांना फराळ करायचा होता. मी गेले, शिकले, आणि परत आल्यावर मुलांनी आकडेमोड आवडीने करावी म्हणून एक खेळ रचला. नाव ठेवलं 'गढी'.

खेळणारा गुराखी म्हणून सुरुवात करायचा. गणितं सोडवत, दरोडेखोरांशी लढत, विहिरी खणत गुण मिळवायचे आणि पायरी चढायची. गुराखी, जासूद, प्यादा, शिलेदार असं करत करत दहाव्या पायरीला किल्लेदार. त्याच्या वर पायरी नाही, कारण मशीनच्या पोटात त्याहून जास्त मावत नव्हतं. मशीन बोलायचंही पायरी बघून. चौथीपर्यंत अरे-तुरे, पाचवीपासून 'तुम्ही', आठवीपासून 'आपण'. आपल्याकडे माणसं करतात तेच, त्यात माझं काही नाही.

एक नियम मात्र मी मुद्दाम घातला. नुसते गुण पुरे नाहीत, वरच्या पायरीवरच्या कोणीतरी हात द्यायला हवा. म्हणजे त्याने आपलं नाव टाइप करून संमती द्यायची, तेव्हाच पुढची पायरी. मुलांनी एकमेकांना ओढून घ्यावं, एवढाच हेतू. मी बनवणारी, म्हणून मी पहिल्यापासून दहाव्या पायरीवर होते आणि सगळ्यांना हात देत होते.

मुलं महिनाभर खेळली. मग मुलांना मजा येते आहे हे सरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी खेळ बंद केला. शाळा सुटल्यावर शिक्षकांनी मात्र 'कंप्युटर शिकायला' बसायचं असं ठरलं. सगळ्यांत जास्त सरच शिकायला लागले. बाहेर भाजीबाजार उठायचा, दिवेलागण व्हायची, तरी सर आपले विहीर खणताहेत. घरून निरोप यायचा, की जेवायला येणार की तिकडेच मुक्काम.

आता माझं दुखणं सांगते. शाळेत पर्यवेक्षकाची जागा दोन वर्षं रिकामी होती आणि ज्येष्ठतेने ती माझी होती. सरांनी शिफारस करून संस्थेकडे पाठवायची, की काम झालं. पण सर काही पाठवत नव्हते. विचारलं की म्हणायचे, "बघू, पगारेबाई. घाई काय आहे?" घाई त्यांना नव्हतीच. मला होती. त्या खुर्चीत बसायची लायकी माझ्यात आहे हे एकदा कागदावर यावं, एवढं मला हवं होतं. आमच्या वस्तीतून शिकून इथवर आलेली मी पहिली. मूग गिळून बसायचं म्हणजे किती वर्षं बसायचं?

असं सगळं चालू असताना लंकाबाईंनी घात केला. लंकाबाई शिवणाच्या बाई, नामपूरकडच्या, नोकरीत सगळ्यांत नव्या, आणि कोणाच्या बापाला न भिणाऱ्या. त्या खेळत खेळत आठव्या पायरीवर पोचल्या. सर तेव्हा चौथीवर होते. शेजारी शेजारी दोन पडदे. एकावर 'आपण विश्रांती घ्यावी', दुसऱ्यावर 'तू अजून विहीर खण.' लंकाबाई हसून आपल्या अहिराणी वळणाने म्हणाल्या, "सर, तुम्ही अजून शिलेदारच शे का?"

दुसऱ्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"पगारेबाई, शाळेत शिस्त म्हणून काही असते. मुख्याध्यापकाच्या वर कोणी असता कामा नये."

"सर, तो खेळ आहे."

"खेळ शाळेच्या कंप्युटरवर आहे. माझी जी पायरी असेल, त्याच्या वर कोणालाच जाता येणार नाही, असं करून टाका."

"मलाही?"

"तुम्हालाही. नियम म्हणजे नियम."

वाद घालायचा तर शिफारस त्यांच्याच हातात. मी गेले आणि प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. संध्याकाळी सगळी शाळा चौथ्या पायरीवर होती. लंकाबाईंना मशीन 'तू' म्हणालं तेव्हा त्या तोंडातल्या तोंडात अहिराणीत जे बोलल्या, ते मी लिहीत नाही.

आठवडाभर सर खूष होते. मग त्यांचे पाचव्या पायरीचे गुण पुरे झाले, आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. मशीन म्हणालं, वरच्या पायरीवरच्या माणसाचा हात हवा. वर कोणीच नव्हतं. वरच्यांना त्यांनीच खाली आणलं होतं. सरांनी आणखी चार विहिरी खणल्या, दरोडेखोर झोडपले, गुणांचा ढीग झाला. मशीन आपलं तेच म्हणतंय. स्टाफरूममध्ये लोक वर्तमानपत्रात तोंड खुपसून हसत होते. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

शेवटी सर माझ्याशेजारी येऊन बसले. मी म्हटलं, "सर, मी सरळ आत जाऊन तुमची पायरी वाढवते. दोन मिनिटांचं काम."

"नको," ते म्हणाले. "फुकटची नको. मिळवलेली आहे, तर रीतसर हवी."

"मग तुमच्या वर कोणीतरी हवं."

"तुम्ही जा वर. पूर्वीसारख्या दहावर."

"आणि नियम? साधी सहशिक्षिका मुख्याध्यापकाच्या वर? पर्यवेक्षक असते तर निदान म्हणता आलं असतं, की देखरेखीसाठी ठेवली आहे."

माझ्या जिभेला हाड नाही हे नवऱ्याने मला अनेकदा सांगितलं आहे. सरांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. त्या आठवड्यात माझी शिफारस संस्थेकडे गेली. एका शिलेदाराला पाचवी पायरी हवी होती म्हणून मला पर्यवेक्षकपद मिळत होतं. मिळतंय ना, मग कशाने का मिळेना, असं मी मनाशी म्हटलं. मी दहाव्या पायरीवर गेले, दर टप्प्याला सरांना हात देत राहिले आणि संस्थेच्या आदेशाची वाट पाहू लागले.

आदेश मार्चमध्ये आला. मी घरी पेढे आणून ठेवले होते. पाकीट फोडलं. लिहिलं होतं, 'प्रभारी पर्यवेक्षक, योग्य व्यक्ती मिळेपर्यंत.' काम पर्यवेक्षकाचं, पगार शिक्षकाचा, आणि योग्य व्यक्ती कोण ते बघू पुढे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं काम करून मी अयोग्य, आणि तेही शिक्का मारून. मला वाटलं, सरांनीच असं लिहून पाठवलं असणार. पेढे मी शेजारी वाटून टाकले, कशाचे ते सांगितलं नाही.

त्याच दिवशी मी कंप्युटरसमोर बसले आणि दहाव्या पायरीचा मजकूर बदलला.

सर मे महिन्यात निवृत्त होणार होते. त्याआधी किल्लेदार व्हायचं हा त्यांचा ध्यास होता, आणि परीक्षा संपता संपता ते झाले. त्यांनी मला हाक मारली. मी नाव टाइप केलं, हात दिला आणि बाजूला उभी राहून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. पडदा एकदा काळा झाला, मग अक्षरं उमटली. 'आपण प्रभारी किल्लेदार आहात. योग्य व्यक्ती मिळेपर्यंत.'

सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मला वाटलं होतं, भडकतील. भडकले असते तर मलाही चार शब्द सुनवता आले असते, ते मी महिनाभर घोकून ठेवले होते.

"बरोबर आहे," सर म्हणाले. "असंच लिहितात."

"म्हणजे?"

"माझ्याही आदेशात हेच आहे. तुम्ही नोकरीला लागलात त्याच्या आधीपासून. दारावरची पाटी मी स्वतः रंगवून घेतली. संस्थेने कायम केलंच नाही. दरवर्षी म्हणायचे, बघू, घाई काय आहे. आता पेन्शनसुद्धा साध्या शिक्षकाची बसेल."

या माणसाचा मी इतका राग केला होता, आणि तो राग आता कुठे ठेवू ते कळेना. कसंबसं विचारलं, "मग माझी शिफारस?"

"मी कायम म्हणूनच लिहिलं होतं. त्यांनी 'प्रभारी' केलं. जो स्वतः प्रभारी, त्याच्या शिफारशीवर दुसऱ्याला कायम कोण करणार, पगारेबाई? म्हणून तर दोन वर्षं पाठवत नव्हतो. पाठवली असती तर तेव्हाही हेच लिहून आलं असतं."

मी खुर्ची ओढली, प्रोग्राम उघडला आणि 'प्रभारी' पुसलं, 'योग्य व्यक्ती मिळेपर्यंत' तेही पुसलं. खेळ पुन्हा सुरू केला. सर पडद्याजवळ वाकले.

'आपण किल्लेदार आहात.'

"हे रीतसर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"रीतसर आहे सर. पायऱ्या तुम्ही चढलात, हात मी दिला."

मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "याचा छापील कागद निघेल का? घरी दाखवायला."

मी प्रिंटर चालू केला. ते मशीन कर्कश ओरडायचं, सगळी शाळा वैतागायची. मला रडू आलं ते मी त्या आवाजात उरकून घेतलं. सरांनी कागद फाडून घेतला, शाई वाळली का ते बोटाने पाहिलं आणि म्हणाले, "सहीची जागा रिकामी आहे, पगारेबाई. तुम्ही वरच्या आहात. सही करा."

मी सही केली. खाली हुद्दा लिहायचा होता. मी 'पर्यवेक्षक' एवढंच लिहिलं.