पाचवीचा कागद

सिझेरियन होऊन पाचवा दिवस उजाडला, तेव्हा सुरभीला शरीरशास्त्रातली एक गोष्ट नव्याने उमगली होती : माणूस अंथरुणातून पोटाच्या जोरावर उठतो. पोटाला टाके पडेपर्यंत हे कोणाच्या लक्षात येत नाही.

कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना बजावले होते की कुशीवर वळूनच उठायचे, वाकायचे अजिबात नाही आणि रात्री बाळ कोणीतरी हातात आणून द्यायचे. टाका उसवला तर पुन्हा टेबलावर यावे लागेल. हे 'कोणीतरी' म्हणजे पळसदरीच्या घरात नेमके कोण, ते मात्र त्यांनी कागदावर लिहून दिले नव्हते.

बारशाआधी पाळणा बांधायचा नाही, हा घराचा नियम. अरुंद कॉटवरून बाळ पडेल, ही सासूबाईंची भीती. म्हणून बाळ जमिनीवर गोधडीत आणि सुरभी कॉटवर अशी सोय झाली. जिला वाकायची बंदी, तिनेच रात्रभर वाकावे, याहून पक्की सोय कोणाला ठरवूनही करता आली नसती. नवरा मनोज पलीकडच्या खोलीत झोपे. दहा दिवस सुवेर. बाळ-बाळंतिणीला शिवायचे नाही. भर श्रावणात नेरळच्या धाब्यावर कोंबडी खाणाऱ्या या गृहस्थाची धर्मश्रद्धा, बाळ रात्री पहिल्यांदा रडले त्या क्षणी जागी झाली होती. मग तो स्वतः निवांत झोपला होता.

चौथ्या रात्री सुरभी सहा वेळा वाकली. सकाळी पट्टीवर रुपयाएवढा तांबूस डाग होता. खालापूरच्या ज्युनिअर कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवत असल्यामुळे घाबरली नाही; तिने डागाचा व्यास मोजला. मग घाबरली. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या की डाग वाढला तर थेट निघून या.

त्याच संध्याकाळी पाचवी पुजायची होती. सटवाई रात्री येऊन बाळाचे नशीब लिहिते, म्हणून सासूबाईंनी, म्हणजे इंदूबाईंनी, पाटा-वरवंट्याची पूजा मांडली आणि कॉटच्या उशाशी कोरा कागद आणि पेन ठेवले. देवीला घर जागे दिसावे म्हणून भावकी जागरणाला जमली. एवढी माणसे रात्रभर जागी राहणार, हे ऐकून सुरभीला क्षणभर आशा वाटली. तिचा अननुभव, दुसरे काय. जागरण बाळाच्या नशिबासाठी होते, बाळासाठी नव्हते.

सव्वा वाजता बाळ रडले, तेव्हा पडवीत सात माणसे टक्क जागी होती. रडल्याने छाती भरते, असे निदान चांगोकाकांनी पत्ते पिसता पिसता केले, आणि मनोजने त्यांना चहा नेऊन दिला. दिवसभर पाणी तापवून आणि पंगतीचे रांधून शिणलेल्या इंदूबाई भिंतीला टेकून घोरत होत्या. त्यांना उठवणे सुरभीच्या जिवावर आले. ती कुशीवर वळली, पाय खाली सोडले, वाकली. आत काहीतरी ओढले गेले.

बाळाला पाजताना तिची नजर उशाशी गेली. न घेतलेले निरीक्षण प्रयोगवहीत लिहिणाऱ्या मुलांना ती अख्खा प्रयोग पुन्हा करायला लावत असे. तत्त्व मोठेच होते. पण डागही मोठा व्हायच्या बेतात होता. तिने पेन उचलले.

सकाळी मनोजने कागद हाती घेऊन सगळ्यांदेखत मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पुढे त्याचा आवाज बारीक होत गेला.

"रात्री दहा ते एक, आजी. एक ते चार, बाप. चार ते सहा, आजी. आईने खाली वाकू नये. मुदत चाळीस दिवस."

सटवाई अलीकडे फार मुद्देसूद लिहायला लागली, असे चांगोकाका म्हणाले. अक्षर तर सुरभीचे आहे, असे मनोज म्हणाला. इंदूबाईंनी कागद घेऊन हातभर लांब धरला. वाण्याची यादी दर महिन्याला सुनेकडूनच लिहून घेणाऱ्या त्या बाईला ते अक्षर ओळखता आले नाही, हे संभवत नव्हते. सुरभीने कबुलीसाठी तोंड उघडले.

"तू गप गं," इंदूबाई म्हणाल्या, आणि लेकाकडे वळल्या. "पाचवीच्या कागदावरचं कुणाला चुकलंय का रं?"

"अगं, पण सुवेर हाय ना?"

"मग आंघोळ करायची. पाण्याची टाकी भरल्याली हाय."

एवढ्या सोप्या उपायापुढे धर्म टिकला नाही.

दुपारी पाय दाबून देताना इंदूबाई सुनेच्या कानाशी वाकल्या. "चार ते सहात मला कशाला घातलंस गं? तवाच तर माजा डोळा लागतो."

"आई, आता ते खोडता येत नाही."

इंदूबाईंनी तिच्या पोटरीला बारीक चिमटा काढला. हसताना टाके दुखतात, हेही सुरभीला नव्यानेच कळले.

रात्री दीडला बाळ रडले. मनोज आला, आणि भरलेली परात उचलावी तसे त्याने दोन्ही हातांनी त्याला उचलून तिच्यापाशी दिले. दूध पिऊन झाल्यावर सुरभीने त्याला ढेकर काढण्यासाठी बाळ खांद्यावर घ्यायला शिकवले. मनोज ताठ उभा राहिला, पहारेकऱ्यासारखा.

"असं किती वेळ उभं राहायचं?" त्याने विचारले.

उत्तर तिला ठाऊक होते : ढेकर येईपर्यंत, साधारण वीस मिनिटे. पण ते सांगण्याआधीच, पोटावर हात धरून कुशीवर वळता वळता, तिला झोप लागली.