आधी बाबा

गज तारेवरून घसरला आणि खोलीभर करकर झाली. त्याने जीभ टाळूला लावून ‘च्च’ केलं, मनगट झटकलं आणि तिसरी ओळ पुन्हा धरली. दिवसभर लोकांच्या घरात फरश्या बसवून आलेला माणूस हनुवटीखाली व्हायोलिन धरून उभा होता, आणि ते व्हायोलिन काही त्याला हिंग लावून विचारत नव्हतं.

ही सगळी सुझुकी नावाच्या जपानी शिकवणपद्धतीची कृपा. शिकायचं होतं त्याच्या पाच वर्षांच्या मुलीला. पण वस्तीतल्या संगीतशाळेचा नियम असा, की आधी पालकाने पहिली धून बिनचूक वाजवायची, मग मुलाच्या हाती व्हायोलिन. मूल घरात ऐकून बोलायला शिकतं, तसंच ते वाजवायला शिकतं, असं बाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. तोवर मुलीला खोक्याचं व्हायोलिन. बिस्किटांच्या रिकाम्या खोक्याला चिकटवलेली लाकडी पट्टी, आणि गज म्हणून एक काठी. तिच्या वर्गातल्या बाकी सगळ्यांची खोकी केव्हाच अडगळीत गेली होती. त्यातल्या एकाची आई, दातांच्या डॉक्टरीणबाई, तर तिसऱ्या आठवड्यातच पास झाल्या. हा पठ्ठ्या चौथ्या महिन्यातही तिसऱ्या ओळीतच.

दोष बोटांचा होता. सिमेंटने ती इतकी राठ झाली होती, की तार खाली आहे की शेजारी हेही त्यांना कळत नसे. बाईंनी व्हायोलिनवर बोटं ठेवायच्या जागी रंगीत टेप लावून दिल्या होत्या, तरी तिसरं बोट भलतीकडेच पडायचं. कामावर फरशीची रेघ केसभर हलली तर त्याला लांबून दिसायची, म्हणून तर जास्तच संताप यायचा.

सीडीवरचं त्या धुनेचं रेकॉर्डिंग घरी रोज लावा, असं बाईंनी बजावलं होतं. पहिला महिना त्याने लावलंही. पण सीडीतला तो कोण वाजवणारा एकदाही अडखळायचा नाही, आणि ते ऐकून याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एका संध्याकाळी त्याने ती सीडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. मीच वाजवतोय की रोज, ऐकेल ती, असं बायकोला सांगितलं.

मुलगी समोर चटईवर खोकं खांद्याला लावून बसायची. हट्ट नाही, रडणं नाही. झोपताना एवढंच विचारायची.

“बाबा, तुला उद्या येईल?”

तो हो म्हणायचा. त्या ‘हो’ची त्याला लाज वाटायची. चूक याची आणि शिक्षा पोरीला. एकदा त्याने बाईंची मनधरणीही केली, नुसतं हातात तरी द्या म्हणून. बाईंनी हसून नकारार्थी मान हलवली आणि गज धरायचा अंगठा पुन्हा दाखवला.

त्या शनिवारी सगळे पालक आणि मुलं संगीतशाळेत चटईवर गोल करून बसली. तो उभा राहिला. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. तिसरीत बोट नेमकं टेपवर पडलं, सूर लागला, आणि तो न थांबता पुढे गेला.

“च्च.”

आवाज चटईवरून, त्याच्या मुलीकडून आला होता. दोनचार मुलं हसली. त्याने कशीबशी धून संपवली. बाईंनी टाळ्या वाजवल्या, कपाटातून सगळ्यात छोटं व्हायोलिन काढलं आणि मुलीच्या खांद्यावर नीट बसवून दिलं.

तिने गज तारेवर ठेवला आणि ओढला. सूर स्वच्छ, लांबलचक निघाला. त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात तिने गज उचलला, ‘च्च’ केलं, मनगट झटकलं, कपाळाला आठी घातली आणि मग पुन्हा ओढला.

“बाबा, तू आज हे विसरलास,” ती म्हणाली.

तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला.

“ते धुनेत नाहीये, बाळा.”

“मग तू रोज का वाजवायचास?”

त्याने अंगठ्याने तिच्या कपाळावरची आठी हलकेच पुसली आणि खालच्या आवाजात बाईंना विचारलं, ती सीडी आणखी एक मिळेल का.