हॅलिना आजींच्या हातची पिरोगी

आमंत्रणाचं कार्ड रोझानने तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा तिची तळपायाची आग मस्तकात गेली. ‘अंगठी सोहळा व माजी विद्यार्थिनींचा मेळावा. जेवणात हॅलिना आजींच्या हातची पिरोगी, आपल्या सेंट यादविगाची परंपरा.’

हॅलिना म्हणजे रोझानची आई. एकोणीस वर्षं तिने त्या शाळेच्या स्वयंपाकघरात पिरोगीचं, पाण्यात उकडायच्या पोलिश करंज्यांचं, पीठ मळलं, बटाट्याचं सारण भरलं, कडा दुमडल्या. सत्त्याण्णवला शाळेतल्या कर्मचाऱ्यांच्या संपात फलक घेऊन फाटकापाशी उभी राहिली म्हणून एका दिवसात तिला घरी बसवलं. रोझान तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. शाळा सुटल्यावर गणवेशातच आईशेजारी जाऊन उभी राहिली, तर दुसऱ्या दिवशी निरोप आला, उद्यापासून येऊ नकोस. पदवीदानाला आठ आठवडे उरले होते. उरलेलं वर्ष तिने सरकारी शाळेत काढलं. आई त्यानंतर कधी त्या रस्त्याने गेली नाही. जिवंत होती तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही, आणि मेल्यावर ती यांची आजी झाली.

तरी मार्ताने याच शाळेत जायचा हट्ट धरला तेव्हा रोझानने दात-ओठ खात मुलीचा फॉर्म भरला. पालक समितीने पिरोगी मागितली तेव्हाही हो म्हटलं. तिच्या मनात एकच होतं. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना शाळेची अंगठी मुख्याध्यापिका घालतात, पण आई याच शाळेतली असेल तर ती आईने घालायची. रोझानची स्वतःची अंगठी सत्तावीस वर्षं कपाटात होती. मार्ताच्या बोटात अंगठी तिनेच घालायची, दुसऱ्या कोणी नाही.

कार्डाच्या मागे अशा आयांची यादी होती. तिचं नाव त्यात नव्हतं.

ती तडक माजी विद्यार्थिनींच्या कार्यालयात गेली. तिथे कॉलीन डॉयल बसली होती, तिच्याच वर्गातली.

“अगं रोझान, ये ना. पिरोगी किती होतील?”

“तीनशे. माझं नाव कुठाय?”

कॉलीनने चष्मा काढून पुसला. “नियम आहे गं. जिच्याकडे शाळेची पदवी, ती माजी विद्यार्थिनी. तू पालक आहेस. पालकही आमचं कुटुंबच आहेत.”

“साडेतीन वर्षं तुझ्या बाजूच्या बाकावर कोण बसत होतं मग, पालक?”

“जुन्या गोष्टी कशाला उकरतेस? आता आम्ही नाती जोडतोय.”

“आईचं नाव छापताना जुनं चाललं तुम्हाला. तिला विचारलंत? मला विचारलंत?”

“कौतुकानेच छापलंय गं.”

“त्या संपात तू खिडकीतून बघत होतीस, कॉलीन. मी वर बघितलं तर पडदा ओढलास.”

कॉलीनचा चेहरा लाल झाला. “मी सतरा वर्षांची होते.”

“मीही तेवढीच होते,” रोझान म्हणाली आणि निघाली.

घरी मार्ता म्हणाली, “आई, प्लीज, तमाशा नको हं. सगळ्या बघतील.” मग कार्ड हातात घेऊन तिने मागची यादी वाचली. “बुशा आजीचं नाव आहे, आणि तुझं नाही?”

“मी पालक आहे,” रोझान म्हणाली आणि कणकेवर मूठ आपटली. पिरोगी करणार नाही असं कळवायचं तिने दोनदा ठरवलं. पण आईचं नाव छापलं होतं. त्या नावाखाली कोणीतरी बाजारची गोठवलेली वाढली असती, आणि ते तिला आणखी सोसवलं नसतं.

सोहळा जेवणघरातच होता. एका टोकाला व्यासपीठ, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघराची वाढायची खिडकी. खिडकीमागे, आईच्याच जागी, रोझान ॲप्रन बांधून उभी होती. मोठ्या पातेल्यात पाणी तापत होतं. आधी यादीतल्या आया मुलींसोबत व्यासपीठावर गेल्या, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. कॉलीन माइकवरून ‘एक कुटुंब’ म्हणाली, आणि रोझानने झारा इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली.

मग उरलेल्या मुली. “मार्ता नोवाक.”

मुख्याध्यापिकांनी अंगठी घेऊन हात पुढे केला. मार्ताने अंगठी उचलली, मुठीत धरली आणि व्यासपीठावरून उतरली. बाकांमधून चालत ती थेट खिडकीपाशी आली. तिचे कान लालबुंद झाले होते, पण तिने मान खाली घातली नाही.

“बघतील ना सगळ्या,” रोझान पुटपुटली.

“बघू देत,” मार्ता म्हणाली आणि खिडकीतून हात आत घातला.

रोझानने पिठाच्या हातानेच अंगठी घातली. बोटाला पीठ लागलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागे कुठेतरी एक खुर्ची करकरली. कॉलीन लगबगीने खिडकीपाशी आली.

“रोझान, कार्यक्रम चाललाय. हे नंतर, आत बोलू.”

रोझानने ॲप्रन सोडला, घडी केली आणि खिडकीतून तिच्या हातात दिला.

“पाणी उकळलंय. तीनशे आहेत, ओल्या फडक्याखाली. वर तरंगली की काढायची.” तिने इतकी वर्षं कपाटात पडून असलेली आपली अंगठी खिशातून काढून बोटात घातली. “आता कुटुंबातल्या कोणीतरी या आत.”

आणि मुलीचा हात धरून ती पुढच्या दाराने, सगळ्यांसमोरून, बाहेर पडली.