लाल झपाट्याचं वय

पिकेट क्रॉसिंगमध्ये लाल झपाटा कोण, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि गावातला एकही माणूस ते ओठांवर आणत नसे. अमेरिकेतल्या इंडियानातली माणसं सभ्य. शेजाऱ्याची गाय आपल्या बैठकीच्या खोलीत येऊन बसली तरी ती आधी हवापाण्याचं बोलतील, मग हळूच म्हणतील, 'गाय तब्येतीने छान आहे हो.' एखाद्याने तोंडावर मुखवटा चढवलाय म्हणजे असेल त्याची काहीतरी अडचण, आपण कशाला विचारा, असा तिथला रिवाज.

त्या मुखवट्याखाली एल्डन प्रूइट होता. भर चौकात त्याचं बुटांचं दुकान. महायुद्ध संपलं त्या वर्षी धान्याच्या कोठीवर पत्रे ठोकताना त्याच्यावर वीज पडली, आणि तेव्हापासून तो असा पळू लागला की त्याची सावली मागून धापा टाकत यायची. मक्याच्या शेतावरून तो गेला की कणसांच्या उभ्या जागी लाह्या व्हायच्या. ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी त्या लाह्या खाल्लेल्या नाहीत, दुसरं काय. त्याच्या बायकोने, व्हर्नाने, शाळेच्या बँडचं उरलेलं लाल कापड जोडून त्याला पोशाख शिवला. गावाला नायक मिळाला.

पण त्या वेगात एक गोम होती, आणि ती नवराबायकोखेरीज कुणी मनावर घेत नव्हतं. एल्डन पळू लागला की जग जागच्या जागी थांबायचं, पण त्याचं वय थांबत नसे. शाळेची बस पुलावरून कोसळली तेव्हा लोकांची पापणी लवली न लवली तोच सगळी पोरं काठावर उभी होती. त्या एका पापणीत एल्डनने एकेक पोर पाठीवर घेऊन, चिखल तुडवत, एकट्याने अख्खा हिवाळा काढला होता. गेला तो गुळगुळीत दाढी करून, आला तो छातीपर्यंत दाढी घेऊन. लोकांनी सभ्यपणे दाढीकडे पाहिलंच नाही.

अशा पापण्या साठत गेल्या. जन्मदाखल्यावर एल्डन अडतीसचा, आरशात सत्तरीचा. व्हर्ना त्याच्याच वर्गातली. तिच्या डोक्यात पांढरा केस अजून शोधावा लागे. गाव म्हणे, 'एल्डन खंगला बिचारा. व्हर्नाला स्वयंपाक जमत नाही.'

आणि हेच गाव दुकानात येऊन, पाय त्याच्या मांडीवर ठेवून, त्याचीच गाऱ्हाणी त्याला सांगे.

"तो झपाटा काल कुठे कडमडला होता कोण जाणे," डेल्मर न्हावी म्हणाला होता. "माझं मांजर झाडावर. त्याला बोलवायला पाण्याच्या टाकीवरचा भोंगा वाजवून वाजवून माझा दंड भरून आला. आला एकदाचा, तर मांजर ठेवलं शेजाऱ्याच्या अंगणात. काम करायचं तर नीट करावं माणसाने."

"हो का," म्हणून एल्डनने नाडी अशी आवळली की डेल्मरचे डोळे पांढरे झाले. याहून जास्त बोलण्याची सोय नव्हती. रिवाजाला तोही बांधील होताच.

मांजरापर्यंतही ठीक होतं. पण मागच्या आठवड्यात पाद्रीबाईंची पाय, म्हणजे चेरी भरून भाजलेली गोड पोळी, घरच्या ओट्यावर राहिली म्हणून भोंगा वाजला. एल्डन ती घेऊन आला आणि चर्चच्या पायरीवर छाती धरून बसला. उठायला त्याला बराच वेळ लागला.

"आज गावाला सांगून टाक, आता पळणं बंद," गावाच्या सहलीच्या दिवशी सकाळी पोशाखाची बटणं लावताना व्हर्ना म्हणाली. "आणखी एकदा पळालास ना, तर मी विधवा होईन आणि हे लोक मला विचारतील, व्हर्ना, काळे कपडे कशाला?"

"शेवटचा घालतोय हा पोशाख," एल्डन म्हणाला. "थोडी वर्षं उरलीत, ती तुझ्याजवळ काढायची आहेत. बास."

गावाच्या वाढदिवसाची सहल नदीकाठच्या मैदानात होती. भाजलेली कणसं, बटाट्याचं सॅलड, व्हर्नाचं काकडीचं लोणचं, बँड. एल्डन बोलायला व्यासपीठावर चढला, पण महापौर हार्लन स्टॉडर्डने त्याच्या आधीच कर्णा हाती घेतला.

"लाल झपाट्याच्या सन्मानार्थ," हार्लन म्हणाला, "गावाचं अग्निशमन पथक आजपासून बरखास्त. पलीकडच्या काउंटीने आपला बंब विकत घेतलाय. हे त्यांचे ड्रायव्हर. चेरीची पाय खाऊन झाली की घेऊन जातील. असा माणूस असताना आपल्याला बंब हवाय कशाला?"

टाळ्या पडल्या. एल्डनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बंब गेला की प्रत्येक ठिणगीला आपण, मरेपर्यंत आपण, आणि ते मरण काही लांब नाही, हे त्याला लख्ख दिसलं.

"बंब विकू नका," तो म्हणाला. "मी थांबतोय. म्हातारा झालोय मी."

"किती विनय तो," पाद्री शेजारच्याला म्हणाला.

एल्डनने मुखवटा ओरबाडून काढला.

पांढरे केस उन्हात मोकळे झाले. सगळ्या गावाने एकदम माना खाली घालून बटाट्याच्या सॅलडकडे पाहिलं. एवढ्या आदराने त्या सॅलडकडे कधी कुणी पाहिलं नसेल.

"हे गृहस्थ कोण, कल्पना नाही," हार्लन ढगांकडे बघत म्हणाला. "ऊन फार आहे. कुणीतरी यांना लिंबाचं सरबत द्या."

"हार्लन, तुझ्या पायातला बूट मी विकलाय."

"छान बूट आहे," हार्लन ढगांनाच म्हणाला.

व्हर्ना लोणच्याच्या टेबलामागून उठली. "एल्डन आहे तो. माझा नवरा. माझ्याच वयाचा होता. तुम्ही त्याला घोटाघोटाने प्यालात, आणि पेला रिकामा दिसू नये म्हणून डोळे मिटून प्यालात."

कुणीतरी खाकरलं. "व्हर्ना, लोणचं या खेपेस झकास जमलंय हं."

एल्डन व्यासपीठावरून खाली उतरला. तेवढ्यात टाकीवरचा भोंगा केकाटला. टेकाडावर हार्लनच्या गवताच्या कोठारातून धूर वर चढत होता.

"आत कुणी आहे?" एल्डनने पहिलं हेच विचारलं.

"नुसतं गवत," हार्लनच्या तोंडून निघून गेलं. "घोडी इथेच आहेत, गाडीला."

हे ऐकताच एल्डन बाकावर बसला आणि त्याने चेरीच्या पायचा मोठा तुकडा पुढ्यात ओढला. सगळं गाव आता त्याच्याकडे पाहत होतं. आज पहिल्यांदाच.

"काय बघताय?" तो म्हणाला. "मला कोण ओळखतं इथे? तुमचा लाल माणूस शोधा जा."

हार्लन जवळ आला. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. "म्हणजे... कुणाला जर तो दिसला, तर त्याला निरोप..."

"ऊन फार आहे. सरबत घे."

धूर काळा झाला. हार्लन टेबलावर वाकला. "एल्डन."

"मोठ्याने."

"एल्डन प्रूइट. पळ की रे बाबा."

"नाही," एल्डन म्हणाला. "तुझ्या गवतासाठी मी माझ्या बायकोच्या वाट्याचं एक वर्षही जाळणार नाही. बंब उभा आहे तिथे. पाय तुम्हालाही दिलेत देवाने, मापं मला पाठ आहेत."

बंब सुरूच होईना. इंजिनात उंदरांनी संसार थाटला होता. मग बँडवाल्यांनी तुताऱ्या खाली ठेवल्या, बायकांनी टोप्या काढल्या, पाद्रीने बाह्या सारल्या, आणि गाव बंबाला भिडलं. व्हर्ना स्टिअरिंगवर चढून बसली.

"बाई, हा बंब मी न्यायचा होता," पलीकडच्या काउंटीचा ड्रायव्हर म्हणाला.

"विक्री मोडली," व्हर्ना म्हणाली. "मोडली ना, हार्लन?"

"मोडली," हार्लन ढकलता ढकलता धापा टाकत म्हणाला.

टेकाडाच्या पायथ्याशी बंब अडला. एल्डन बाकावरून उठला आणि चालत, एकेक पाऊल टाकत, त्यांच्यापर्यंत गेला. त्याने डेल्मरशेजारी पितळी दांड्याला हात लावले. बंब बैलाच्या चालीने वर सरकला. वर कोठाराचं छप्पर खचलं.

डेल्मर त्या सुरकुतल्या हातांकडे बघत होता. "आपण शाळेत एकाच बाकावर बसायचो ना रे?"

"हो."

"मला सगळं दिसत होतं, एल्डन. सगळ्यांनाच दिसत होतं. पण विचारणं बरं दिसत नाही म्हणून..."

"बोलू नकोस," एल्डन म्हणाला. "ढकल."