सहाजणांचा तरुण संघ

"उल्हासनगरच्या मंडळीत गिटार वाजतं, लाइट फिरतात, चर्च भरून तरुण येतात," पाळकसाहेब म्हणाले. "तुझ्या संघात सहाच. बंद करू या का, सुवार्ता?"

"आधी एकदा येऊन बघा," खांद्यावरच्या लेकीला थोपटत ती ठामपणे म्हणाली.

रविवारी ते आले, तर पाचच जण होते आणि प्रार्थना कुणी सुरूच करेना.

"प्रिस्का कुठाय?" सहावीची जागा रिकामी बघून सुवार्ताने विचारलं.

"तिच्या मम्मीला ताप आहे."

"मग इथे काय बसलाय? उठा रे!"

पोरं तबला उचलून मोरिवलीला प्रिस्काच्या घरी निघाली; पाठोपाठ सुवार्ता आणि पाळकसाहेबही. तिथे एकाने पेज चढवली, बाकीच्यांनी मम्मीच्या उशाशी बसून हळू आवाजात भजन धरलं.

एव्हाना सुवार्ताची लेक पाळकसाहेबांच्या कडेवर झोपली होती.

"संघ चालू राहू दे," ते कुजबुजले. "सातवी ही."