काका आणि कुत्रा एकाच रंगात

मी एक जुना प्रोग्रॅम आहे आणि चोंबडेपणा हा माझा धंदा आहे. गोष्टीत ‘तो’ आला की हा तो कोण, ‘तिची’ आलं की कुणाची, हे मी हुडकतो आणि एकेकाचे सगळे उल्लेख एकेका रंगात रंगवतो.

मित्रांनो, मला कुठल्या शेठजीनं नाही बनवलं. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या लोकांनी नोकऱ्या सांभाळून मला फुकटात लिहिलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. कुणीही यावं, माझं पोट उघडून बघावं, बिघडलेलं नीट करावं. आधी माझं फार कौतुक झालं. मग चकचकीत नवे प्रोग्रॅम आले आणि मला कुत्रंही विचारेना.

अशात एका लेखिकेनं मला कामाला लावलं. तिच्या वडिलांची नजर गेली होती. घरच्यांवर लिहिलेलं पुस्तक ती त्यांच्यासाठी रेकॉर्ड करत होती. वडिलांची एकच अट होती: ज्याच्याबद्दलचं वाक्य, ते त्यानंच वाचायचं. त्यांच्या धाकट्या भावाचा, म्हणजे लेखिकेच्या काकांचा, आवाज तर हवाच हवा.

मी झटक्यात पानं रंगवली. काकांना निळा रंग दिला. काका चष्मा सावरून माइकसमोर बसले.

“तो ताटली चाटूनपुसून साफ करायचा,” काकांनी वाचलं. मान डोलावली. “खरंय.”

“आंघोळ म्हटलं की तो पलंगाखाली दडायचा.” तेही खरंच होतं.

“एकदा तो पोस्टमनला चावला.”

काकांनी चष्मा काढला. “अगं, मी कधी चावलो?”

लेखिकेनं पान पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “काका, ते आपल्या कुत्र्याबद्दल आहे. प्रोग्रॅमनं तुम्हा दोघांना एकच धरलंय.”

“इतका वेळ मी कुत्रा म्हणून वाचतोय? तुमचं पुस्तक तुम्हीच वाचा.” काका उठले, दारापाशी पोचलेही. मित्रांनो, मला घाम येत नाही, नाहीतर फुटला असता.

तेवढ्यात कोपऱ्यात हेडफोन लावून बसलेले वडील खदखदून हसले. नजर गेल्यापासून त्यांना असं हसताना कुणी ऐकलं नव्हतं.

“अरे थांब ना. शेपटीचं राहिलंय अजून.”

काकांचा हात कडीवरच राहिला. “दादा, तू मजा घेतोयस.”

“मग काय करू? बस खाली, वाच.”

काका बसले. त्यांनी शेपटीचंही वाचलं.

त्याच संध्याकाळी लेखिकेनं माझी चूक शोधली, सुधारली आणि माझ्या निर्मात्यांना पाठवून दिली. आता कुणाच्याच पुस्तकात मी काकांना कुत्र्यात मिसळत नाही. म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. आम्ही खुले प्रोग्रॅम चुकलो तर पोटभर शिव्या घाला, पण जाताना चूक तेवढी नीट करून जा. तुमच्यामागून येणाऱ्याचं काम हलकं होतं.

आणि हो, त्या पुस्तकात कुत्र्याचा आवाज काकांचाच आहे. बदलायला त्यांनी साफ नकार दिला. भुंकले तर असे, की शेजारच्या घरातनं कुणीतरी विचारायला आलं, कुत्रा कुणाचा म्हणून.